जळगाव–पुणे विमानसेवा: ३२० किलोमीटरचा खरा हिशेब

जळगावहून पुण्याला विमानाने जावे की रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, हा प्रश्न आता खान्देशातल्या बहुतेक घरांत निघतो, कारण ज्या घरातले कोणी ना कोणी पुण्यात शिकायला किंवा नोकरीला नाही असे घर आपल्याकडे शोधावे लागते. ही सेवा मी एकट्याने वापरली आहे, वयस्कर आईला घेऊन वापरली आहे, भर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही वापरली आहे. त्यावरून बनलेले मत आधीच सांगून टाकतो. पुण्यासाठी हे विमान पैसे वसूल करून देते, मुंबईसाठी तितके देत नाही, आणि या सेवेत जी उणीव आहे ती वेगाची नाही, नेमाची आहे. विमान कंपनीचे नाव देत नाही, कारण २०१७ च्या डिसेंबरात लहान शहरे विमानाने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या उडान योजनेखाली जळगावची पहिली नियमित सेवा सुरू झाली तेव्हापासून या विमानतळावर कंपन्या आल्या, गेल्या आणि पुन्हा दुसऱ्या आल्या. इथे लिहिलेले बहुतेक सारे कोणत्याही कंपनीच्या छोट्या विमानाला लागू पडेल.

आधी अंतराचे पाहू, कारण सगळा हिशेब तिथूनच चुकायला लागतो. जळगाव विमानतळ आणि पुण्याचे लोहगाव यांच्यातले सरळ हवाई अंतर साधारण ३२० किलोमीटर भरते. जळगाव ते मुंबई हेच अंतर साधारण ३५५ किलोमीटर आहे. म्हणजे आकाशातून पाहिले तर पुणे आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहे, ही गोष्ट अनेकांना पहिल्यांदा ऐकताना खरी वाटत नाही. खरी वाटत नाही याचे कारण रेल्वे आहे. मुंबईला जाणारा लोहमार्ग जळगावहून चाळीसगाव, मनमाड, नाशिक रोड, इगतपुरी असा जातो, आणि नकाशावर जळगाव ते मुंबई अशी पट्टी ठेवली तर ती मनमाडच्या जरा दक्षिणेकडून आणि इगतपुरी-घोटीजवळून जाते. १८६५ मध्ये कसारा घाटातून ही लाइन पार झाली, तेव्हापासून खान्देशाला मुंबईची जवळपास सरळ वाट मिळालेली आहे. जळगाव ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे रेल्वेचे अंतर ४२० किलोमीटर, म्हणजे हवाई अंतरापेक्षा अवघे ६५ किलोमीटर जास्त.

पुण्याचे तसे नाही. पुण्याची गाडी आधी मनमाडपर्यंत पश्चिमेला जाते, तिथून वळून अहिल्यानगरमार्गे दौंडला उतरते आणि दौंडहून पुन्हा पश्चिमेला वळून पुण्यात शिरते. जळगाव ते मनमाड १६० किलोमीटर, त्यापुढे दौंडपर्यंत आणखी सव्वादोनशेहून अधिक आणि दौंड ते पुणे पाऊणशे, असे मिळून पावणेपाचशेच्या आसपास जाते. ३२० किलोमीटरवरच्या गावाला जाण्यासाठी आपण जवळजवळ दीडपट वाट तुडवतो. रस्त्याने गेले तर अजिंठा, सिल्लोड, छत्रपती संभाजीनगर आणि पुढे अहिल्यानगरवरून चारशे किलोमीटरच्या आत-बाहेर होतात, पण त्यात अजिंठ्याचा घाट आणि शिक्रापूर-वाघोलीच्या पट्ट्यातली गर्दी येते, जिथे शेवटचे तीस किलोमीटर आधीच्या शंभरापेक्षा जड जातात. पुण्याकडे पट्टी ठेवली तर ती कन्नडच्या डोक्यावरून, पुणतांबा-श्रीरामपूरच्या आसपास गोदावरी ओलांडून, पारनेरच्या पश्चिमेकडून लोहगावला पोहोचते. या रेषेवर सलग धावणारी रेल्वे नाही आणि सलग महामार्गही नाही. विमानाचा खरा उपयोग अशाच ठिकाणी असतो, जिथे जमिनीवरची वाट वाकडी आहे. केवळ अंतर मोठे आहे म्हणून विमान फायद्याचे ठरते असे नाही.

आता वेळेचे. दोन शहरांची नावे टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, आणि लोक त्यांवर विसंबून पुढचे बेत आखतात. अशी काही साधने पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर काढतात, मोठ्या जेट विमानाचा ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटरचा वेग धरून त्याला भागतात आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतात. या रीतीने जळगाव–पुण्याचे उत्तर ५४ मिनिटांच्या आसपास येते. अंतराचा आकडा बरोबर असतो, वेळेचा आपल्या कामाचा नसतो, कारण जळगावला जेट येत नाही. इथली धावपट्टी साधारण १७०० मीटरची आहे, आणि तिच्यावर एटीआर ७२ जातीचे पंख्यांचे विमान येते, ज्याचा सरळ उड्डाणातला वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या घरात असतो. त्या वेगाने ३२० किलोमीटरला ३८ मिनिटे लागतील, पण उड्डाणानंतर वर चढताना आणि उतरण्याआधी वेग कमी असतो, शिवाय विमान पट्टी ठेवल्यासारखे सरळ जात नाही, ठरलेल्या हवाई मार्गांवरून आणि लोहगावच्या धावपट्टीची दिशा साधून जाते. म्हणून तिकिटावर तास-सव्वा तास लिहिलेला असतो, आणि तो प्रामाणिक असतो.

तिकिटावरची ही वेळ विमान जागेवरून हलते तेव्हापासून पुण्यात जागेवर उभे राहते तोपर्यंतची असते, हे ध्यानात ठेवावे. तिच्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे येते, रांगेत थांबणे येते आणि वर घिरट्या घालणेही येते. समोरून वारा असला तर वेळ वाढेल अशी भीती काहींना वाटते, पण इतक्या लहान अंतरात वाऱ्याने फार बिघडत नाही; ताशी पन्नास किलोमीटरचा वारा पूर्ण तोंडावर असला तरी चार-पाच मिनिटांचाच फरक पडतो. खरा वेळ जमिनीवर जातो. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि नागरी विमानांना तिथे त्यांच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे लागते. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत आणि उतरण्याच्या रांगेत लहान विमानालाही मोठ्यांच्या मागे थांबावे लागते. जळगाव–मुंबईचे उड्डाण कागदावर पुण्यापेक्षा थोडेच लांब असूनही प्रत्यक्षात जास्त रेंगाळते, ते यामुळे.

जळगावच्या विमानतळाबद्दल मात्र मी मोकळ्या मनाने चांगले लिहीन. २०१२ मध्ये त्याचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती आणि जळगावच्याच कन्या प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले, पण त्यानंतर बरीच वर्षे तिथे नियमित विमान नव्हते. आज अजिंठा चौफुलीवरून निघाले की कुसुंब्याच्या बाजूला वीस मिनिटांत पोहोचता येते, आणि दारातून आत गेल्यापासून सुरक्षा तपासणी संपेपर्यंत इतका कमी वेळ लागतो की मोठ्या शहरांच्या विमानतळांची सवय असलेला माणूस चकित होतो. तरी तासभर आधी पोहोचणे सोडू नये, कारण काउंटर ठरल्या वेळी बंद होतो आणि त्यात सवलत मिळत नाही.

सामानाच्या काट्यापाशी जे चालते ते खान्देशातच पाहायला मिळेल. पुण्यातल्या मुलांसाठी आया जे देतात ते वजनदार असते: कळण्याचे पीठ, बामणोदची भरिताची वांगी, केळीचे वेफर्स, वर्षभराच्या कुरडया आणि बिबड्या. माझ्यासमोर एका मावशींनी काट्यावरून पिशवी खाली घेतली, पिठाची तीन किलोंची थैली काढून हातातल्या पिशवीत घातली, पुन्हा वजन केले, आणि हातातली पिशवीही भरल्यावर उरलेली वांगी सोडायला आलेल्या दिराकडे परत दिली. काउंटरवरच्या मुलीने हे सगळे घाई न करता होऊ दिले, ‘मावशी, वेफर्स वरच राहू द्या, खाली चुरा होईल,’ असेही सांगितले. मोफत सामानाची मर्यादा तिकिटावर छापलेली असते आणि ती काटेकोर पाळली जाते. विमान लहान असल्याने डोक्यावरचे कप्पेही लहान आहेत, तेव्हा चाकांची मोठी बॅग हातात घेऊन जाण्याचा आग्रह धरू नये. घरीच वजन करून निघालेले बरे.

विमानापर्यंत चालत जायचे असते. एटीआरला प्रवासी मागच्या दाराने चढतात, पुढे वैमानिकांच्या पाठीमागे सामानाची जागा असते. दारालाच जोडलेला छोटा जिना असतो, पायऱ्या थोड्याच पण उभ्या असतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसासाठी तिकीट काढतानाच मदतीची नोंद करावी. ऐन वेळी सांगितले तरी माणसे धावून येतात, पण आधी सांगितले तर आईला ज्या धीराने वर चढवले तसे निवांत होते. आसने दोन आणि दोन अशी आहेत, मधले आसन नाही, त्यामुळे अडकून बसल्यासारखे वाटत नाही. पंख छताच्या उंचीवर असल्याने जवळजवळ प्रत्येक खिडकीतून जमीन दिसते, आणि हे विमान मोठ्या विमानांइतके उंच जात नाही, म्हणून ती नीट दिसते. जळगाव सोडल्यावर थोड्याच वेळात कपाशीची सपाट शेते संपतात, अजिंठ्याच्या रांगेची कड येते आणि त्यापलीकडे जमीन एकदम वर उचललेली दिसते. खान्देश खोऱ्यात आहे आणि मराठवाडा पठारावर, हे शाळेच्या भूगोलात वाचलेले असते. इथे ते पाच मिनिटांत डोळ्यांसमोर घडते. खिडकीशी बसायचे असेल तर मागच्या रांगा घ्याव्यात. पंखे पुढच्या भागाशी असल्याने आवाज तिथे जास्त असतो, मागे कमी, आणि उतरताना दारही मागेच असल्याने आधी बाहेर पडता येते. आवाज मात्र जेटपेक्षा जास्तच आहे, आणि पावसाळी ढगांतून जाताना हिसके बसतात. त्यात धोका नसतो, पण पहिल्यांदा बसणाऱ्याला कोणीतरी आधी सांगितलेले असावे. माझ्या शेजारी अमळनेरकडचे एक काका होते. ते खिडकीतून इमारतींची दाटी दिसू लागताच वळून म्हणाले, ‘पुनं उनं का, दादा?’ आणि घड्याळ पाहून बराच वेळ गप्प राहिले, कारण आयुष्यभर त्यांनी हा प्रवास रात्रभर जागून केला होता.

दारापासून दारापर्यंतचा हिशेब असा पडतो. घरून निघून विमानतळ अर्धा तास, तिथे तास-सव्वा तास, उड्डाण सव्वा तास, पुण्यात सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, आणि लोहगावहून कोथरूड किंवा सिंहगड रस्त्याला जायला गर्दीप्रमाणे तास ते दीड तास. सव्वाचार ते पाच तासांत माणूस पोहोचतो. त्यातला हवेतला भाग एका तासाच्या आसपास आहे, बाकीचे सगळे जमिनीवरचे आहे, म्हणून उड्डाण पाच-दहा मिनिटांनी कमी-जास्त झाले तर काही बिघडत नाही. ट्रॅव्हल्सला आठ ते दहा तास लागतात, रेल्वेला नऊ-दहा. चार-पाच तास वाचतात, शिवाय दुसरा दिवस थकव्यात जात नाही, आणि रुग्णाला पुण्याच्या दवाखान्यात दाखवायचे असेल तर या दुसऱ्या गोष्टीची किंमत पहिलीपेक्षा जास्त आहे. विमानाचे भाडे बसच्या स्लीपरच्या दुप्पट ते चौपट पडते. लवकर काढले तर दुपटीच्या जवळ, दिवाळीच्या तोंडावर चौपटीच्याही पुढे.

मुंबईसाठी हाच हिशेब केला तर दारापासून दारापर्यंत पाच तास विमानाला आणि साडेसहा ते आठ तास रेल्वेला येतात. रात्री बर्थवर झोपून पहाटे दादरला उतरता येत असेल, तर दिवसाचा एक तासही खर्ची पडत नाही. म्हणून मुंबईला आरक्षण पक्के असेल तर मी रेल्वेनेच जाईन, आणि लग्नसराईत आरक्षण मिळत नसेल किंवा तिथून पुढे दुसरे विमान धरायचे असेल तरच हवाई मार्गाचा विचार करीन. पुण्याच्या बाबतीत मात्र रेल्वे आणि बस दोन्ही इतक्या वाकड्या वाटेने जातात की विमानाची बाजू आपोआप जड होते.

आता नेमाचे. विमान रोज नसते, ठरावीक वारी असते, आणि ते वार व वेळा मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हंगामी वेळापत्रक बदलते तेव्हा बदलू शकतात. एकच विमान दिवसभरात अनेक गावांना जात असल्याने सकाळी कुठेतरी झालेला उशीर आपल्या वाट्याला संध्याकाळी येतो. एकदा आम्हाला दोन तासांहून अधिक थांबावे लागले. कारण विचारल्यावर ‘येणारे विमान उशिरा आहे’ एवढेच उत्तर मिळाले, ते कुठे आहे आणि कधी निघेल हे कोणी सांगेना. उशिराबद्दल मी तक्रार करणार नाही, पण बसून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना दर अर्ध्या तासाने काहीतरी सांगायला हवे होते. लहान विमानतळावर हे अवघड नाही. प्रवासी सत्तरच्या आसपास असतात आणि सगळे एकाच खोलीत बसलेले असतात.

याबाबतचे नियम आपल्याकडे फारसे कोणी विचारत नाही, म्हणून लिहितो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला तर वेळेवर येऊन थांबलेल्या प्रवाशांना कंपनीने खाणे-पिणे द्यायचे असते. पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केले तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा, आणि वर भरपाईही मिळते. ती किती, हे तिकिटावरच्या, विमान जागेवरून हलल्यापासून जागेवर उभे राहीपर्यंतच्या वेळेवरून ठरते: उड्डाण एक तासापर्यंतचे असेल तर ५००० रुपयांपर्यंत, एक ते दोन तासांचे असेल तर ७५०० रुपयांपर्यंत, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार एवढी रक्कम, या दोन्हींत जी कमी असेल ती. हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणामुळे रद्द झाले तर भरपाई मिळत नाही. पावसाळ्यात ढग खाली आले की जळगावसारख्या विमानतळावर हे होणारच, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे गेला की पातळ झालेल्या हवेत विमानाला उडण्यासाठी जास्त धावावे लागते. निवडायला वाव असेल तर उन्हाळ्यात सकाळचेच उड्डाण घ्यावे.

उडान योजनेत मर्यादित आसनांना भाड्याची कमाल मर्यादा असते आणि कंपनीला तुटीपोटी सरकारी मदत तीन वर्षांसाठी मिळते. ती संपल्यावर मार्ग आपल्या पायावर उभा राहिला नाही तर सेवा थांबते, आणि देशातल्या अनेक लहान विमानतळांवर तसे झालेले आहे. जळगाव–पुणे मार्ग अशा मदतीविना टिकेल असे मला वाटते, कारण इथले प्रवासी पर्यटक नाहीत. परीक्षा, उपचार, लेकीचे बाळंतपण, नोकरीच्या मुलाखती या कामांना हंगाम नसतो. मुंबई मार्गाबद्दल मी तेवढ्या खात्रीने बोलणार नाही.

भुसावळ, वरणगाव, यावल, फैजपूर, चोपडा, एरंडोल, पाचोरा, जामनेर इथल्यांना ही सेवा खऱ्या अर्थाने जवळची आहे. धुळ्याहून विमानतळ शंभर किलोमीटरच्या घरात पडतो, आणि दोन तास उलट्या दिशेने पूर्वेला येऊन मग पुण्याकडे उडण्यात फायदा उरत नाही. त्यांनी मालेगाव, मनमाड, शिर्डीवरून गाडीने गेलेले बरे. नंदुरबारकरांना तर ताप्ती लाइनने सुरत जवळ आहे, त्यांच्यासाठी जळगावचा विचारच नको. रावेरकडच्यांनी सकाळच्या उड्डाणासाठी पहाटे भुसावळमार्गे निघताना हाताशी दोन तास ठेवावेत, कारण सावदा-फैजपूर पट्ट्यात केळीच्या ट्रकांची रांग लागली की सत्तर किलोमीटरला तेवढे सहज जातात.

उतरल्यावर पुण्यात टॅक्सीसाठी विमानतळालगतच्या पार्किंगच्या इमारतीत जावे लागते. सामान आणि म्हातारे माणूस सोबत असेल तर न्यायला कोणाला तरी बोलवावे. परतीला जळगावात उतरणाऱ्यांनी रिक्षा किंवा घरची गाडी आधीच सांगून ठेवावी, कारण विमान रिकामे होऊन पंधरा मिनिटे झाली की बाहेर फारसे कोणी उरत नाही, आणि अजिंठा चौफुलीपर्यंत चालत येण्यासारखा तो रस्ता नाही.